किती लावली ते पुरे, आता किती जगली ते छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र थोडं लांबणार आहे, आधीच माफी मागतो, कापायचं असेल तर कापा पण मधला भाग ठेवा. विषय आहे बिघडलेला निसर्ग परत उभा करण्याचा, म्हणजे उजाड जमिनी, आटलेल्या पाणथळ जागा, मेलेल्या नद्या, तोडलेली जंगलं, हे सगळं पुन्हा जिवंत करायचं काम. यावर बातम्या भरपूर येतात, तुमच्याकडेही येतात आणि बाकीच्यांकडेही, पण नव्वद टक्के बातम्या एकाच साच्यातल्या असतात. अमुक लाख रोपं एका दिवसात लावली, तमुक विक्रम झाला, सोबत हातात फावडं घेतलेल्या पाहुण्यांचा फोटो. बास. त्या रोपांचं पुढे काय झालं हे कधी छापून आलेलं आठवतच नाही. लग्नाचा अल्बम छापायचा आणि संसाराचं नावच काढायचं नाही, असला हा प्रकार.

एक उदाहरण देतो. तुर्कस्तानात 11 नोव्हेंबर 2019 ला अकरा वाजून अकरा मिनिटांनी देशभर लागवड सुरू झाली, दोन हजारांच्या वर ठिकाणी मिळून 1 कोटी 10 लाख रोपं. एका प्रांतात तर तासाभरात तीन लाखांवर रोपं लावून जागतिक विक्रमही झाला. जगभर बातमी गेली, मेसेज फिरले, 'याला म्हणतात इच्छाशक्ती' वगैरे. दोन-तीन महिन्यांनी तिथल्या वनकर्मचाऱ्यांच्या युनियनने काही जागा जाऊन बघितल्या आणि सांगितलं की बघितलेल्या रोपांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत मेलीत, लागवडीची वेळ चुकली, पाऊस नव्हता, काम जाणकारांच्या हातून झालं नाही. सरकार म्हणालं छे, 95 टक्के रोपं मस्त आहेत. आता यातलं खरं कोणाचं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण बघा ना, एका बाजूला नव्वद टक्के मेली आणि दुसऱ्या बाजूला पंच्याण्णव टक्के जगली, एवढी तफावत राहूच कशी शकते? राहते, कारण लावताना मोजायला सगळे हजर असतात आणि नंतर मोजायला कोणीच नसतं. पैसा, कॅमेरे, मंत्री सगळे पहिल्या दिवसासाठी असतात.

दुसरं उदाहरण जास्त वाईट आहे कारण त्यात हेतू शंभर टक्के चांगला होता. 2004 च्या त्सुनामीनंतर सगळ्यांना खारफुटीची, म्हणजे तिवरांची आठवण झाली, की किनाऱ्यावर ही झाडं असती तर लाटांचा मार थोडा कमी बसला असता. मग श्रीलंकेत किनाऱ्याकिनाऱ्याने खारफुटी लावायचे प्रकल्प निघाले, हजार हेक्टरच्या वर लागवड झाली. काही वर्षांनी संशोधकांनी 23 ठिकाणं जाऊन तपासली, तर त्यातल्या 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं, एकही! आणि एकूण लागवडीचा जेमतेम पाचवा हिस्सा जमेस धरण्यासारखा निघाला. फिलिपिन्समध्ये तर हे अनेक दशकं चाललंय, पैसा ओतला जातोय आणि बरीचशी रोपं पहिल्या काही वर्षांतच जातायत.

का मरतात? तर कारण इतकं साधं आहे की चीड येते. खारफुटी खाऱ्या पाण्यात उगवते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती कायम पाण्यात उभी राहू शकत नाही हे कोणी लक्षात घेत नाही. भरती येते, पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, आणि दिवसातला बराचसा वेळ मुळं उघडी असतात, त्या मुळांवर बारीक छिद्रं असतात त्यातून झाड हवा घेतं. सारखं पाणी राहिलं की झाड गुदमरतं, सरळ बुडून मरतं. आता समुद्राच्या बाजूला जो खालचा सपाट चिखल असतो, जिथे पाणी जास्त वेळ असतं, तिथे निसर्गाने स्वतःहून कधी खारफुटी उगवलेली नसते, तरी लागवडवाले तिथेच जातात. कारण वरची, योग्य उंचीवरची जागा कधीच कोळंबीच्या तळ्यांना नाहीतर बांधकामाला गेलेली असते, तिला मालक असतो, तिथे हात लावला की भांडण. खालच्या चिखलाला मालक नसतो. म्हणून झाडं जिथे जगतील तिथे लागत नाहीत, जिथे कोणी अडवणार नाही तिथे लागतात. हे मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं, म्हणून सांगितलं.

याच्या उलट अमेरिकेत फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांचं म्हणणं एवढंच की आधी बघा पाणी कुठे अडलंय. जुने बांध फोडा, भराव काढून जमिनीची उंची शेजारच्या जिवंत खारफुटीइतकी आणा, भरतीचं पाणी आत-बाहेर करायला नाळी मोकळ्या करा आणि मग गप्प बसा. बिया भरतीबरोबर स्वतः वाहत येतात. त्यांच्या पद्धतीने झालेल्या मोठ्या प्रकल्पांत रोपं लावण्याची फारशी गरजच पडली नाही, जंगल आपलं आपण आलं. पण यात अडचण काय, तर फोटो कशाचा काढणार? बांधाला पाडलेल्या खिंडाराचा? पाहुण्यांच्या हातात काय देणार, जेसीबीची चावी?

तर संपादक महोदय, माझी मागणी अशी की लागवडीची बातमी आली की बातमीदाराने आधी एकच विचारावं, ही जागा मुळात बिघडली कशाने आणि ते कारण आता थांबलंय का. चराई जास्त झाली म्हणून बिघडली असेल तर चराईचं काय ठरलं, पाणी वळवल्यामुळे बिघडली असेल तर पाणी परत मिळतंय का, तोड होत होती तर तोडणाऱ्याला सरपणाची दुसरी सोय झाली का. याचं उत्तर नसेल तर ती लागवड पालथ्या घड्यावर पाणी आहे, मग आकडा लाखाचा असो नाहीतर कोटीचा.

आणि दुसरा एक गैरसमज, झाडं म्हणजेच निसर्ग. उजाड दिसलं की लाव झाड. अहो, गवताळ माळ, दलदल, वाळवंटाच्या कडेचा झुडपी प्रदेश हे सगळे आपापल्या जागी पूर्ण असतात, ती काही जंगलाची रिकामी जागा नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री म्हणून मोठी दलदल आहे, तिथे हजारो वर्षं शेवाळ मरून साचत साचत पीट नावाची काळी ओली माती तयार झालीय, वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर चढते, म्हणजे माणसाच्या अख्ख्या आयुष्यात वीतभरसुद्धा नाही. ही पीटची जमीन पृथ्वीवरच्या एकूण जमिनीच्या फक्त तीन टक्के आहे पण तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून आहे त्याच्यापेक्षा जास्त आहे. तर 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये झाडं लावणाऱ्याला करात सवलत होती, मग ज्यांनी ती दलदल कधी डोळ्यांनी बघितली नसेल अशा पैसेवाल्यांनी तिथे गुंतवणूक केली, नांगराने चर मारले, पाणी काढून दिलं आणि सूचिपर्णी झाडांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. माती सुकायला लागली, सुकलेली पीट हवेत कार्बन सोडते, पाणथळीतल्या पक्ष्यांनी झाडांच्या आसपासची जागा सोडली. 1988 ला सवलत बंद झाली. आणि गेली काही दशकं तिथे पुनरुज्जीवनाचं काम म्हणजे काय चालतं, तर ती झाडं तोडायची आणि चर बुजवायचे. 2024 मध्ये युनेस्कोने या दलदलीला जागतिक वारसा दर्जा दिला. झाडं तोडून निसर्ग वाचवला असं मथळ्यात टाकलं तर वाचक तुम्हाला फोन करून भांडतील, पण गोष्ट खरी आहे.

दक्षिण आफ्रिकेतही तेच. तिथे बाहेरून आणलेली वॅटल, पाइन, निलगिरी डोंगरांवर आणि नद्यांच्या काठाने इतकी माजली की ओढ्यांचं पाणी कमी व्हायला लागलं, कारण तिथल्या मूळच्या झुडपांपेक्षा ही झाडं कितीतरी जास्त पाणी पितात. 1995 मध्ये कादर अस्मल पाणीमंत्री असताना सरकारने एक कार्यक्रम काढला, बेरोजगार लोकांना, त्यातही बायकांना आणि तरुणांना मजुरीवर घेऊन ही परकी झाडं काढायची. पाणी वाचतं, हातात पैसा येतो, वणव्याचा धोका कमी होतो. आता तो कार्यक्रम काही परिपूर्ण नाही, काढलेली झाडं परत फुटतात, दोन-तीनदा त्याच जागी जावं लागतं आणि नंतरच्या फेऱ्यांना पैसे नाहीत म्हणून आधीची मेहनत वाया गेल्याचंही झालंय. पण निदान विचार सरळ आहे, कशामुळे बिघडलं ते बाहेर काढा, आणि ते काम आजूबाजूच्या गरीब माणसाला द्या.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त सांगायचीय ती नायजरची, नायजेरिया नाही, त्याच्या वरचा देश, सहाराच्या खालच्या कडेला. 1980 च्या आसपास तिथे टोनी रिनोडो नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ मिशनच्या कामावर होता, काम काय तर रोपं लावायची. लावायचे आणि मरायची, बकऱ्या खायच्या, वाळू गाडायची, आणि शेतकरी म्हणायचे आम्हाला खायला नाही आणि हा बाबा झाडं घेऊन आलाय. 1983 मध्ये एकदा तो गाडीत रोपं घालून चालला होता, पुढे रस्ता वाळूचा म्हणून टायरमधली हवा थोडी कमी करायला थांबला. सगळीकडे बघतो तर ओसाड, दक्षिणेला, पूर्वेला, कुठेही बघा तेच, अधूनमधून खुरटी झुडपं तेवढी. त्यातल्या एका झुडपाजवळ गेला आणि पानं नीट बघितली, तर ते झुडूप नव्हतंच. ते झाड होतं. कधीकाळी तोडलेलं मोठं झाड, बुंधा जमिनीखाली जिवंत, दरवर्षी त्याला धुमारे फुटायचे आणि दरवर्षी शेतकरी पेरणीआधी शेत साफ करताना ते छाटून जाळून टाकायचे. म्हणजे ज्या उजाड रानात तो बाहेरून रोपं आणत होता त्याच रानाखाली लाखो मुळं जिवंत होती, खोलवर पाणी गाठलेली, फक्त त्यांना वर येऊ द्यायचं होतं.

मग पद्धत काय, ऐकायला फार मामुली वाटते. शेत साफ करताना सगळे फुटवे कापायचे नाहीत, एका बुंध्याला वीस-पंचवीस धुमारे असतील तर त्यातले चार-पाच सरळ, दणकट ठेवायचे, बाकीचे काढायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या बारीक फांद्या छाटायच्या. काढलेलं सरपण लगेच घरात येतं, पाला जनावरांना जातो. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको, कुंपण नको. तिथे गाओ म्हणून एक काटेरी झाड आहे, त्याची खासियत अशी की ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं असतं, म्हणजे पीक उभं असताना सावली नाही, उलट पाल्याचं खत, आणि उन्हाळ्यात जनावरांना शेंगा आणि सावली. पूर्वी पेरलं की वाऱ्याने वाळू येऊन कोवळी रोपं गाडली जायची, शेतकऱ्याला तीन-तीन, चार-चार वेळा पेरावं लागायचं, झाडं उभी राहिल्यावर वारा मोडला आणि एका पेरणीत भागायला लागलं. सुरुवातीला जे मोजके शेतकरी तयार झाले त्यांना बाकीचे हसले, त्यांची झाडं रात्रीत तोडून नेली. मग 1984 चा दुष्काळ आला, धान्याच्या बदल्यात काम म्हणून हजारो लोकांनी हे करून बघितलं, आणि दुष्काळ संपल्यावर अनेकांनी झाडं परत तोडली सुद्धा, पण काहींनी ठेवली, आणि तिथून पुढे ते बघून बघून, सांगून सांगून पसरत गेलं. पुढे उपग्रहाची चित्रं बघणाऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा साधारण 50 लाख हेक्टरवर आणि अंदाजे 20 कोटी झाडं उभी होती. कोणीही लावलेली नाहीत! कुठलाही विक्रम नाही, उद्घाटन नाही, आणि वीस वर्षं जगाला पत्ता नाही.

पण यातला जो भाग लोक सांगताना गाळतात तो कायद्याचा आहे. फ्रेंच राजवटीपासून तिथे झाड सरकारचं होतं, शेत तुझं पण त्यातलं झाड सरकारचं, फांदी तोडली तर वनखात्याचा माणूस दंड करणार. आता कोणता शेतकरी स्वतःच्या शेतात सरकारचं झाड वाढवेल? उलट रोप दिसलं की लहानपणीच उपटून टाकेल, नसती ब्याद नको म्हणून. रिनोडो आणि त्याच्याबरोबरच्यांनी स्थानिक वनअधिकाऱ्यांना समजावलं की बाबांनो, जो झाड राखेल त्याला ते तोडू-विकू द्या, कायदा बदलायच्या आधीच अंमल सैल झाला, आणि शेतकऱ्याला जेव्हा खात्री वाटली की हे झाड माझं आहे, याची फांदी मी विकली तर मला कोणी धरणार नाही, तेव्हा झाडं वाढली. तंत्र सोपं होतं, ते शेतकऱ्यांना आधीपासूनच येत होतं, बिघाड होता तो भरवशात.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावाडोगो म्हणून शेतकरी होते, 2023 च्या डिसेंबरमध्ये वारले. शिकलेले नव्हते. दगडासारख्या टणक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच वीत-दीड वीत खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, की वाळवी येते, वाळवी बोगदे करते, आणि पहिल्या पावसाचं पाणी वाहून न जाता त्या बोगद्यांतून खाली जातं. जुनीच पद्धत, तिला 'झाई' म्हणतात, यांनी खड्डे मोठे केले आणि खत घातलं. जिला आपण घरात बघितलं की घाबरतो ती वाळवी तिथे फुकटची मजूर! खतातूनच झाडांच्या बिया आल्या, त्या यांनी उपटल्या नाहीत, होता होता वीस-पंचवीस हेक्टरचं जंगल झालं. लोक आधी वेडा म्हणाले मग शिकायला आले. 2018 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, रिनोडोलाही त्याच वर्षी. आणि गंमत बघा, गंमत कसली, शहर वाढत वाढत जवळ आलं, जमिनीचे प्लॉट पडायला लागले आणि ज्या माणसाने उजाड जागेचं जंगल केलं त्याच्याच जंगलावर मोजणीच्या खुणा आल्या, कारण कागदावर जमीन त्याची नव्हती. म्हणजे परत तोच प्रश्न.

काही लोक म्हणतील की हे सगळं गरीब देशांचं झालं, छोट्या छोट्या खड्ड्यांचं, मोठी कामं वेगळी असतात. बरं, मोठं घ्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एल्वा नदीवर दोन धरणं होती, एक 1913 चं आणि दुसरं 1927 चं, मासे वर चढायला वाटच ठेवलेली नाही. सामन मासा समुद्रातून नदीत वर जाऊन अंडी घालतो, तो धरणाच्या भिंतीशी येऊन थांबायचा. काठावरची क्लॅलम जमात त्या माशावर जगायची, त्यांचं सगळंच गेलं. त्यांनी पिढ्यानपिढ्या भांडून 1992 मध्ये कायदा करून घेतला, प्रत्यक्ष पाडायला सुरुवात झाली 2011 ला, संपलं 2014 ला. पाण्याखाली गेलेली त्यांची पवित्र जागा उघडी पडली, शंभर वर्षं अडकलेला गाळ वाहत मुखाशी गेला आणि तिथे नवा किनारा तयार झाला, मासे वर चढले. आणि जमातीने काय केलं, तर ज्या माशासाठी भांडले तोच मासा त्यांनी स्वतः दहा-बारा वर्षं पकडला नाही, नदीला सावरू दे म्हणून. 2023 मध्ये पहिल्यांदा थोडी मासेमारी केली. मला हे वाचून खूप बरं वाटलं आणि थोडा रागही आला, की धरण बांधून वीज वापरली दुसऱ्यांनी, आणि थांबायचं मात्र परत यांनीच.

हा थांबण्याचा काळ कोण भरून देणार यावर बोललंच जात नाही. चराईबंदी करा म्हणणं सोपं, पण बकऱ्या असलेल्या बाईने तीन वर्षं काय खायचं? चीनमध्ये लोएस पठारावर 1990 च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर झालं, पिवळ्या मातीचं पठार, उतारावरची सगळी माती पिवळ्या नदीत वाहून जायची. तिथे उतारांवर शेती आणि मोकळी चराई बंद केली, सपाट पायऱ्या पाडल्या, आणि 1999 पासून सरकारने उतार सोडणाऱ्या शेतकऱ्यांना बदल्यात धान्य आणि रोख दिलं. म्हणून ते टिकलं, हिरवं झालं, गाळ खूप कमी झाला. हां, आता तिथेही काही ठिकाणी अति झालंय, कमी पावसाच्या जागी खूप पाणी पिणारी झाडं दाट लावली आणि खोलवरची ओल संपायला लागली, त्यांच्याच शास्त्रज्ञांनी इशारा दिलाय की इतक्या पावसात याहून जास्त झाडोरा पेलणार नाही. म्हणजे हिरवं दिसतंय म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी जमिनीखाली काय चाललंय ते बघावं लागतं.

आणि एक धोका जो मला सगळ्यात मोठा वाटतो. पुनरुज्जीवन करता येतं म्हटल्यावर बिघडवणाऱ्यांना आयतं कारण मिळतं. इथली दलदल बुजवतो, काळजी करू नका, तिकडे दुसरीकडे तेवढीच नवी करून देतो, हिशोब बरोबर. कागदावर हेक्टरला हेक्टर जुळतात. पण 2012 मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात जगभरातल्या 621 पाणथळ जागांची माहिती एकत्र करून बघितली, दुरुस्त केलेल्या किंवा नव्याने बनवलेल्या, तर शंभर वर्षं झाली तरीसुद्धा मूळच्या जागांच्या तुलनेत त्यांच्यातली जीवसृष्टी सरासरी पाव हिश्शाने कमीच होती. म्हणजे आहे ते सांभाळणं हे कधीही स्वस्त. मोडलेलं जोडता येतं पण जोड दिसतो, आणि पीटसारखी गोष्ट तर आपल्या हयातीत जोडली जातच नाही. त्यामुळे एखादा प्रकल्पवाला 'आम्ही दुप्पट झाडं लावून देऊ' म्हणतो तेव्हा ते वाक्य बातमीत जसंच्या तसं जाऊ देऊ नका, निदान पुढच्या ओळीत विचारा की कुठे, कोणती, आणि तिथे आत्ता काय आहे. बऱ्याचदा तिथे कोणाचं तरी गायरान असतं.

सध्या संयुक्त राष्ट्रांचं परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक चालू आहे, 2021 ते 2030. 2022 च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियलला देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत बिघडलेल्या क्षेत्रापैकी किमान 30 टक्के भागावर पुनरुज्जीवनाचं काम परिणामकारकपणे चालू असेल. युरोपीय संघाने तर जून 2024 मध्ये कायदाच केला, 2030 पर्यंत जमीन आणि समुद्र मिळून किमान 20 टक्के भागावर काम आणि 2050 पर्यंत गरज असलेल्या सगळ्या परिसंस्थांवर. तो कायदा होताना शेतकऱ्यांचा मोठा विरोध झाला, ट्रॅक्टर रस्त्यावर आले, मसुदा बराच सौम्य करावा लागला आणि शेवटी ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्र्यांनी स्वतःच्या चॅन्सेलरचं, म्हणजे सरकारप्रमुखाचं, न ऐकता बाजूने मत दिलं म्हणून कसाबसा पास झाला. शेतकऱ्यांना नावं ठेवणारे खूप लेख आले तेव्हा, पण मला वाटतं त्यांची भीती खोटी नव्हती, वरून आलेल्या निसर्गप्रेमाची किंमत आपल्याच खिशातून जाणार हा अनुभव शेतकऱ्याला जगभर आहे. त्यांना आधी बसवून विचारलं असतं तर कदाचित तेच पुढे झाले असते, नायजरमध्ये झालेच ना.

जमीन बिघडल्याचा फटका जगात 320 कोटी लोकांना बसतोय असं संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या शास्त्रज्ञांच्या गटाने 2018 मध्ये सांगितलं होतं. म्हणजे हा वाघ-हत्ती आणि फुलपाखरांपुरता विषय नाही, पेरणी, पाणी, सरपण, मासे, मजुरी यांचा आहे, आणि म्हणून तो पर्यावरण पुरवणीच्या कोपऱ्यात न टाकता पहिल्या पानावर, शेतीच्या पानावर, अर्थकारणाच्या पानावर आला पाहिजे असं मला वाटतं. पैसे प्रचंड येणार आहेत यात, कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे झाडांनी आणि जमिनीने शोषलेल्या कार्बनचे दाखले कंपन्यांना विकणारे, तर येऊन उभेच आहेत, करार छापील, इंग्रजीत, तीस-चाळीस वर्षांचे, आणि सही करणाऱ्याला त्यातलं किती कळलंय देव जाणे.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा बातमीदार अशा कुठल्या प्रकल्पाच्या जागेवर जाईल तेव्हा त्याने अधिकाऱ्यांचं भाषण संपल्यावर थोडं मागे थांबावं, तिथे जो राखणदार असेल किंवा जिचं शेत कडेला असेल तिला गाठावं आणि विचारावं की ही झाडं मोठी झाल्यावर यांची फांदी तोडायला, गवत कापायला, तळ्यातला मासा धरायला परवानगी कोणाची लागणार आहे. जे उत्तर मिळेल ते छापा, आणि आकड्याच्या आधी छापा.

आपला,
एक नियमित वाचक